कथलाची तबकडी

माझ्याकडे पत्र्याचे चार डबे आहेत. बिस्किटांचे, घट्ट झाकणाचे. त्यांच्यावर रंगाने आकडे टाकलेत: १२००, ३०००, १४०००, ६००००. एका डब्यातली वस्तू दुसऱ्या डब्याच्या झाकणावरसुद्धा टेकवायची नाही, असा आमच्याकडे नियम आहे. देवघरातलं सोवळं केव्हाच सुटलं, पण या डब्यांचं घरातले सगळे पाळतात. प्रत्येक डब्यात आठ इंची तबकडी आहे. पहिली पोलादी, दुसरी तांब्याची, शेवटच्या दोन कथलाच्या. खड्याला पैलू पाडायचे आणि मग त्या पैलूंना झिलई आणायची, ती या तबकड्यांवर, हिऱ्याच्या भुकटीने. गेली अकरा वर्षं डोंबिवलीतल्या आमच्या बंद करून घेतलेल्या गॅलरीत मी हेच करतो आहे.

ते आकडे चाळणीच्या भोकांचे. आकडा वाढला की दाणा बारीक झाला. १४००० म्हणजे साधारण एक मायक्रॉन, मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि ६०००० म्हणजे त्याच्याही निम्मा. माणसाचा केस सत्तरएक मायक्रॉन जाड असतो. एवढी बारीक चाळणी अर्थातच कुठे नसते. भुकटी द्रवात ढवळतात आणि कोणता दाणा किती वेळात तळाला बसतो त्यावरून वेगळी करतात. नाव तेवढं चाळणीचं राहिलं.

मी मूळचा खड्यांचा माणूस नव्हे. ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये एका टूलरूममध्ये मी साच्यांना पॉलिश करायचो. औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झालं, त्याच्या अगदी पहिल्या वसाहतींपैकी ही एक. प्लॅस्टिकच्या पारदर्शक डब्याला जी चमक असते ती प्लॅस्टिकची नसते. ती पोलादी साच्याच्या पोटाला कुणीतरी हाताने आणलेली असते आणि प्लॅस्टिक ती फक्त उचलतं. आधी ऑइलस्टोन, मग एमरी पेपर, मग फेल्टच्या बॉबवर डायमंड पेस्ट. ती पेस्ट इंजेक्शनसारख्या नळीत येते, पाच ग्रॅमची. संपली की मशीद स्टेशनला उतरून नागदेवी स्ट्रीटवरून आणायची. आजही मी तिथूनच आणतो. दुकानदाराला वाटतं, हा माणूस रिटायर होऊनही साचेच घासतोय.

टूलरूममध्ये आमच्या फोरमननी पहिल्या आठवड्यात एक गोष्ट डोक्यात घातली होती. साच्याला चमक आपण देत नसतो, आपण फक्त ओरखडे काढत असतो. पोलादापेक्षा खड्यात मला हे जास्त खरं वाटलं. १२०० च्या तबकडीवर पैलू पाडला की तो दुधी, आंधळा दिसतो, कारण त्याच्यावर हजारो ओरखडे असतात आणि प्रत्येकावर उजेड फुटतो. ३००० ची तबकडी ते ओरखडे काढते आणि स्वतःचे, जरा बारीक, ठेवून जाते. १४००० ची त्यांना काढते आणि आपले ठेवते. ६०००० चेही ओरखडे असतातच. फक्त दिसणारा उजेड म्हणजे ०.४ ते ०.७ मायक्रॉनची लाट, आणि त्या दाण्याचा ओरखडा तिच्याहून उथळ, म्हणून लाट त्याच्यावर अडखळत नाही. आपण त्याला झिलई म्हणतो. प्रत्येक पायरीवर आधीच्या पायरीचे सगळे घाव काढून टाकायचे. एक जरी राहिला तरी पुढची पायरी त्याला काढू शकत नाही, उलट उजळून दाखवते.

कथील मला कल्हईवाल्याने दिलं. शहाड रस्त्याला त्यांची बसायची जागा होती, आता ते बसत नाहीत. मी सव्वादोन किलो मागितलं तेव्हा त्यांनी आधी विचारलं, एवढी भांडी कुणाकडे आहेत? कशाला हवं ते सांगितल्यावर त्यांनी एक कांडी उचलली, माझ्या कानाशी धरली आणि वाकवली. आतून करकर असा आवाज आला, बारीक वाळू दातांत यावी तसा. म्हणाले, "ओरडतंय ना? म्हणजे शुद्ध आहे. शिसं घातलेलं मुकं असतं." वाकताना कथलाच्या स्फटिकांची आतली मांडणी झटक्याने पलटते, त्याचा तो आवाज. हे मी नंतर वाचलं. त्यांना वाचायची गरज पडली नव्हती.

कथील २३२ अंशांना वितळतं, घरच्या शेगडीवरही. बायकोने एक जुनी लोखंडी कढई दिली आणि ती परत स्वयंपाकात येणार नाही हे बजावलं. तबकडी ओतली आणि एमआयडीसीतल्या लेथवाल्याकडे नेली. कथलाला लेथवाले वैतागतात. धातू इतका मऊ, की टूल जरा बोथट असलं तर कापण्याऐवजी ओढतं. त्याने टूलला तीनदा धार लावली, रॉकेल सोडत सोडत तोंड घेतलं, आणि अर्ध्या तासाने माझ्या हातात चंद्र दिला.

माझी आई पितळेच्या पातेल्यांना याच कथलाची कल्हई लावून घ्यायची. नवसागराचा तो झोंबणारा धूर, कापसाचा बोळा फिरला की काळ्या पातेल्यात एकदम उगवणारी चांदी. ती वरून चढवलेली चमक. तबकडीवरचं कथील खड्याला स्वतःचं काहीच देत नाही. ते फक्त हिऱ्याचा दाणा धरून ठेवतं. पेस्टचा ज्वारीच्या दाण्याएवढा ठिपका, तेलाचे दोन थेंब, धुतलेल्या बोटाने पसरायचं आणि मग अकिकाच्या गुळगुळीत तुकड्याने दाबत जायचं. दाणा कथलात अर्धा रुततो, अर्धा वर राहतो. जात्याला टाकी लावतात त्यातलाच हा प्रकार, फक्त टाकीचे घाव दिसत नाहीत. धातू फार मऊ असला तर पैलूची कड गोलावते, फार कडक असला तर दाणा रुतत नाही, मोकळा लोळतो आणि ओरखडे पाडतो. कथील बरोबर मधे बसतं. जयपूरचे कारागीर लाखेत कुरुंदाची पूड मिसळून चाक करत आले, त्याला ते सान म्हणतात. आपल्या देवघरातली चंदनाची सहाण आणि ही सान, दोन्ही संस्कृतातल्या शाण शब्दाच्या लेकी.

पेस्टच्या नळीतला हिरा माणसाने बनवलेला असतो. डिसेंबर १९५४ मध्ये अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत तो पहिल्यांदा खात्रीने जमला. त्याआधी हिरा घासायला दुसऱ्या हिऱ्याचीच भुकटी लागायची. त्र्यंबकेश्वराच्या देवळातला, पेशव्यांकडून १८१८ साली इंग्रजांच्या हाती पडलेला नासक हिरा तेव्हा नव्वदएक कॅरटचा होता. लंडनमध्ये त्याला पुन्हा पैलू पाडले, आणि १९४० मध्ये न्यूयॉर्कला हॅरी विन्स्टनने परत पाडले तेव्हा उरला ४३.३८ कॅरट. लोक म्हणतात, काय सुंदर झाला. माझं मन मात्र त्या गेलेल्या निम्म्या हिऱ्याकडे जातं, जो भुकटी होऊन कुठल्या कुठल्या चाकांवर संपला. आमच्या धंद्यात घट चुकत नाही, हे मला मान्य आहे. पण खडा मोठा दिसावा म्हणून कुणी चुकीच्या कोनात ठेवला तर जितका राग येतो, तितकाच तो निर्दोष दिसावा म्हणून निम्मा उडवला तरी येतो.

काम करताना डोळ्यांआधी कान लागतात. १२०० वर खडा फुसफुसतो, तव्यावर पाण्याचे थेंब पडावेत तसा. ३००० वर आवाज मंदावतो. कथलावर जवळजवळ शांतता असते, आणि त्या शांततेत खडा तबकडीला किंचित चिकटतो, ओढ हाताला कळते. ती ओढ आली की समजायचं, पैलू सपाट बसलाय. मग उचलायचा, स्पिरिटने पुसायचा आणि ट्यूबलाइटखाली धरायचा. ट्यूबची पांढरी रेघ पैलूवरून सरकवत न्यायची. रेघ जिथे थरथरते तिथे ओरखडा आहे. मग दहापटीचं भिंग.

नीलम आणि पुष्कराज, म्हणजे कुरुंदाचेच दोन प्रकार, सगळ्या बाजूंनी सारखे कडक नसतात. एकाच कोनातल्या आठ पैलूंतले सहा मिनिटभरात उजळतात आणि सातवा अडून बसतो. नवा माणूस तिथे जोर लावतो. जोराने तबकडी तापते, खडा धरून ठेवणारी लाख ढिली होते, खडा हलतो आणि आधीचे सहाही जातात. उपाय साधा आहे. तबकडी उलट फिरवायची, किंवा खडा दुसऱ्या बाजूने आणायचा. पुष्कळदा तो पैलू पाच-सात फेऱ्यांत उघडतो. पुष्कराजाचा भाऊ म्हणून विकला जाणारा टोपाझ याहून हट्टी असतो. त्याचे थर ज्या पातळीत सुटतात, तिला समांतर टेबल, म्हणजे खड्याचा वरचा, सगळ्यात मोठा पैलू, ठेवलं तर ते जन्मात चमकत नाही. पहिल्यापासूनच खडा पाच-सात अंश तिरका धरायला हवा. हे मला झवेरी बाजारात बसणाऱ्या एका जयपुरी उस्तादांनी सांगितलं, पण मी माझा पहिला टोपाझ वाया घालवल्यावर.

सगळ्यात मोठी चूक मात्र नीलमावर झाली. सिलोनी, सव्वातीन कॅरटचा, मुलीच्या लग्नासाठी राखलेला. सगळे पैलू झाले होते, फक्त टेबल राहिलं होतं. ६०००० वर शेवटच्या फेऱ्या चालू होत्या आणि एकदम कर्र असा आवाज आला. उचलून पाहिलं तर या टोकापासून त्या टोकापर्यंत धूमकेतूसारखा ओरखडा. तबकडी पुसली, धुतली, पुन्हा पेस्ट भरली, पुन्हा ओरखडा. सगळं उलगडून पाहिलं तेव्हा कळलं. सकाळी मी तांब्यावर ३००० चं काम केलं होतं, जेवणाआधी साबणाने हात धुतले होते, नखं घासली नव्हती. एका नखाखालचा एक दाणा. कथील दाणा धरून ठेवतं, हाच त्याचा गुण. तो दाणाही त्याने तितक्याच इमानाने धरला होता. तबकडी परत लेथवर गेली, अर्धा मिलिमीटर तोंड घेतलं. खडा परत तांब्यावर, सगळं क्राउन, म्हणजे खड्याचा वरचा भाग, पुन्हा. तीन कॅरटच्या खाली आला. अंगठी वेळेवर झाली, मुलगी खूश होती. वजन किती होतं हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

तेव्हापासून मशीनशेजारी नखं घासायचा ब्रश आहे, आणि पाण्याची एक तोटी गॅलरीतच काढून घेतली आहे. पाण्यावाचून हे काम होत नाही. कान्हेरीच्या लेण्यांत दोन हजार वर्षांच्या आसपासचे लेख आहेत. त्यांत कल्याणच्या एका सोनाराने आणि सोपाऱ्याच्या एका मणिकाराने पाण्याच्या पोढ्या, म्हणजे खडकात खोदलेली टाकी, दान दिल्याची नोंद आहे. मणिकार म्हणजे रत्नं घडवणारा. त्या काळात कल्याण बंदर होतं, माल समुद्राने जायचा, आणि त्या कारागिरांना दान म्हणून पाणीच द्यावंसं वाटलं. त्यामागे धर्म होताच. पण दिवसभर ओल्या हातांनी दगड घासणाऱ्याला पाण्याची किंमत वेगळी कळत असणार, असं मला मनापासून वाटतं. पावसाळ्यात कान्हेरीला गेलो की त्या भरलेल्या पोढ्यांपाशी मी थोडा वेळ बसतो.

मागच्या आषाढात तिसऱ्या मजल्यावरच्या काकू अंगठी घेऊन आल्या. गोमेद, त्यांच्या लग्नातला. पैलूंच्या सगळ्या कडा झिजून गोल झालेल्या, वरचं टेबल काचकागदासारखं. म्हणाल्या, "अरे, हा पूर्वी मधासारखा दिसायचा. आता गुळासारखा दिसतो." चाळीस वर्षं त्यांनी अंगठी न काढता राखेने भांडी घासली होती. राखेत वाळूचा अंश असतो, तिची कठिणता सातच्या आसपास, आणि गोमेदाची सात ते साडेसात. बरोबरीच्यांतच झिजला.

त्या द्यायला तयार नव्हत्या, हे मला दिसत होतं. आमच्या धंद्याला एक जुना डाग आहे: दिलेला खडा परत येतो, पण तोच येतो का? मी काही बोललो नाही. सोनाराकडून खडा सोडवून आणला आणि त्यांना बोलावलं, भिंग हातात दिलं. गोमेदाच्या पोटात पाकाच्या तारा असाव्यात तशा लाटा असतात. या खड्यात, एका कोपऱ्याला, एक काळा कणही होता, बाजूला दोन बारीक सोबती. काकूंनी खूप वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "हा तीळ आहे होय माझ्या खड्यात?"

जुन्या कारागिराने डोळ्यांच्या अंदाजाने पाडलेले पैलू होते, एकाचा कोन दुसऱ्याला जुळत नव्हता. सगळे सारखे करता आले असते, पण मग खडा पाव तरी गेला असता. मी त्याचेच कोन शोधले. पैलूवर मार्करने शाई लावायची, फिरत्या तबकडीला नुसता टेकवायचा, शाई कुठल्या बाजूची पुसली ते पाहायचं, कोन किंचित बदलायचा, पुन्हा शाई. संपूर्ण पैलूची शाई एकदम पुसली गेली की तो कोन त्या माणसाचा. असे एकेचाळीस पैलू. गोमेदाचं एक बरं असतं, तो सगळ्या बाजूंनी सारखा कडक असतो, कुठला पैलू रुसत नाही. कथलावर चौदा हजार, मग साठ हजार, आणि तिसऱ्या दिवशी रात्री मध आला. ५.६२ कॅरटचा ५.३८ झाला होता.

काकू आल्या तेव्हा खडा कागदाच्या पुडीत, पांढऱ्यावर ठेवला होता. त्यांनी तो पाहिला आणि चेहरा एकदम बावरला. "हा माझाच का रे?" मी भिंग पुढे केलं. त्यांनी ते डोळ्याला लावलं, खडा चिमटीत धरून उजेडाकडे फिरवला, एकदा, दोनदा. बाहेर पाऊस लागला होता, गॅलरीच्या पत्र्यावर वाजत होता.

"आहे," त्या म्हणाल्या. "तीळ आहे. आणि बाजूची दोघंही आहेत."