गाडीचं तेल

आपल्या समाजातल्या बायका तेलाच्या बाबतीत भारी चोखंदळ. शेंगदाण्याचं तेल कुठल्या घाण्यावरचं, करडईचं यंदा मिळतंय का, सोयाबीनच्या तेलाला गरम झाल्यावर वास का येतो, यावर मंदिराच्या ओट्यावर अर्धा तास सहज जातो. भोपाळ सोयाबीनच्या मुलखात, तरी विदर्भातून आलेल्या आम्हा बायकांच्या घरी शेंगदाणा तेलाचा एक डबा असतोच. पण त्याच बाईला विचारा, गाडीत कोणतं तेल घालतेस? "ते हे बघतात." नाहीतर "सर्व्हिसवाला घालतो." आणि गाडी चालवते कोण? तीच. मुलांना क्लासला तीच सोडते, सासूबाईंना प्रवचनाला तीच नेते.

ह्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा गाडीचं खातं माझ्याकडे आलं. नेमकं महिन्याभराने मुक्तागिरीला जायचं ठरलं होतं. सासूबाईंचं वय ब्याऐंशी. बावन्न मंदिरांची वंदना त्यांच्याच्याने होणार नव्हती, पण पायथ्याशी बसून दर्शन करायचंच, असा त्यांचा हट्ट. रस्ता नर्मदा ओलांडून इटारसी, बैतूल असा, आणि पुढे सातपुड्याचे चढउतार. एप्रिलच्या उन्हात, मधेच कुठे गाडी बसली तर म्हातारं माणूस घेऊन काय करायचं, ही धास्ती. म्हणून आधी सर्व्हिस.

एका मोठ्या सर्व्हिस सेंटरमधल्या मुलाने गाडी पाहायच्या आधीच सांगितलं, "मैडम, फुल सिंथेटिक डलवा लीजिए, बेस्ट रहेगा." फरक बाराशे रुपयांचा. मी म्हटलं, विचार करून सांगते. घराजवळच्या गॅरेजमधल्या भैयाचं म्हणणं अगदी उलटं, "दस साल पुरानी गाड़ी, भोपाल की गर्मी, गाढ़ा तेल डलवाओ, बीस-पचास." एकाला सगळ्यात महाग तेल घालायचं होतं, दुसऱ्याला सगळ्यात दाट. गाडीबरोबर मिळालेलं पुस्तक दोघांनीही उघडलं नव्हतं.

ते आमच्या डॅशबोर्डच्या खणात होतं, प्लास्टिकच्या पिशवीसकट. मी कला शाखेची, यंत्राचं पुस्तक पाहिलं की डोळे मिटतात. पण त्यात तेलाचं एक पान असतं आणि ते दिवाळी अंकातल्या राशिभविष्यापेक्षा सोपं आहे. आमच्या गाडीसाठी लिहिलं होतं ५ डब्ल्यू-३०.

हा डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा गार इंजिनात तेल किती चटकन वाहतं ते सांगतो. जितका लहान, तितकं चटकन. मागचा आकडा तापलेल्या तेलाचा, शंभर अंश सेल्सियसला ते किती दाट राहतं त्याचा. तेलाला असे आकडे देण्याची पद्धत अमेरिकेतल्या मोटार इंजिनिअरांच्या संस्थेने १९११ मध्ये सुरू केली. थंडीत खोबरेल गोठतं आणि उन्हाळ्यात पाण्यासारखं होतं, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. इंजिनाला दोन्ही वेळी नीट वागणारं तेल लागतं, म्हणून दोन आकडे.

मग भैयाच्या गर्मीचं काय? इथे मला पुस्तकापुढे जाऊन थोडं शोधावं लागलं. भोपाळचा पारा चव्वेचाळीसवर गेला तरी कूलंट आणि थर्मोस्टॅट मिळून चालत्या इंजिनाचं तापमान साधारण नव्वद-शंभरच्या आसपास धरून ठेवतात. बाहेर मे असो की डिसेंबर, आत फार फरक नाही. उलट झीज जास्त होते ती सकाळी गाडी सुरू करताना. रात्रभरात तेल खाली उतरलेलं असतं आणि वरच्या भागांपर्यंत ते पोचेपर्यंत लोखंड लोखंडावर घासतं. तिथे दाट तेल उशिरा पोचतं. बीस-पचास जुन्या धाटणीच्या इंजिनांना चालतं. आजच्या इंजिनातल्या फटी बारीक असतात. इंजिन खरंच झिजून तेल पिऊ लागलं तर गोष्ट वेगळी. आमचं पीत नव्हतं. काही नव्या गाड्यांना तर ० डब्ल्यू-१६ इतकं पातळ तेल सांगितलेलं असतं. ते पाहून घाबरू नका.

डब्यावर आणखी दोन अक्षरं असतात, एसएन, एसपी अशी. पेट्रोल गाडीच्या तेलाचं पहिलं अक्षर एस, आणि दुसरं जितकं पुढचं तितका दर्जा नवा. एसपी २०२० मध्ये आला. पुस्तकात सांगितल्यापेक्षा पुढचं अक्षर पेट्रोल गाडीला चालतं, मागचं नको. डिझेलचा हिशेब निराळा आणि बीएस-सहा डिझेलचा तर फारच निराळा, तिथे पुस्तक सोडून इकडेतिकडे बघूच नये. आणि ज्यांच्याकडे ॲक्टिव्हासारखी स्कूटर आहे त्यांनी लेकाच्या मोटारसायकलचं उरलेलं तेल तिच्यात ओतू नये. मोटारसायकलच्या तेलावर जासो एमए असतं, स्कूटरच्या तेलावर एमबी.

राहिलं सिंथेटिक. ते चांगलंच असतं, उष्णता जास्त सोसतं, जास्त दिवस टिकतं. पण माझी गाडी वर्षाला चार-पाच हजार किलोमीटर चालते आणि त्यातही बहुतेक फेऱ्या मंदिर, भाजी, बँक अशा. एवढ्या छोट्या फेरीत इंजिन पुरतं तापतच नाही. आत धरलेली वाफ आणि थोडं पेट्रोल तेलातच मुरतं. त्यामुळे किलोमीटर भरले नाहीत तरी वर्षाला तेल बदलायचंच, असं पुस्तकातच लिहिलंय. "अजून कुठे दहा हजार झाले" म्हणून दोन-दोन वर्षं ओढणाऱ्या आपल्यातल्या काटकसरी मंडळींनी हे वाक्य दोनदा वाचावं. दर वर्षी बदलायचंच असेल तर जास्त टिकण्याचे पैसे मी कशाला भरू? पुस्तकाने सिंथेटिकच घाला म्हटलं असतं तर निमूट भरले असते. मी सेमी-सिंथेटिक घेतलं, ५ डब्ल्यू-३०, सीलबंद डबा, माझ्यासमोर उघडलेला. ऑइल फिल्टरही नवा. दुहेरी गाळण्याशिवाय पाणी न पिणाऱ्या घरात जुन्या फिल्टरमधून नवं तेल घालणं मला तरी पटेना.

तेलाचा विषय निघाला की आपल्यात एक प्रश्न येतोच, त्यात चरबी तर नाही? आजचं इंजिन ऑइल मुख्यतः खनिज तेलापासून होतं. पण मागे वळून पाहिलं तर जीव हळहळतो. कॅस्ट्रॉल या नावात एरंडेल आहे. १९०९ मध्ये त्यांनी तेलात एरंडेल घालून ते विकायला आणलं. ते ठीक. मात्र अमेरिकेत १९७० च्या आसपासपर्यंत ऑटोमॅटिक गिअरच्या तेलात एका जातीच्या देवमाशाच्या डोक्यातून काढलेलं तेल घालत. त्या देवमाशाला कायद्याचं संरक्षण मिळालं तेव्हा कुठे कंपन्यांनी दुसरं काही शोधलं.

आणि जुनं तेल? गाडीखालच्या ट्रेमध्ये काळं कुळकुळीत तीन लिटर तेल उतरलं. काळं झालं म्हणजे वाईट झालं असं नाही, आतली काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच. पण आता त्याचं काय? आपण पाणी गाळतो, तेव्हा गाळण्यातली जिवाणी ज्या विहिरीचं पाणी तिथेच परत सोडतो. गाळून झालं म्हणजे सुटलो, असं म्हणत नाही. इथे तर भोपाळच्या मोठ्या तलावाचं पाणी शहरातल्या कितीतरी घरांच्या नळाला येतं. २००२ पासून तो रामसर यादीत आहे. नाल्यात ओतलेलं तेल कुठेतरी पाण्यालाच मिळतं, मुंग्या-किडे तर वाटेतच. कायद्याने हे घातक कचऱ्यात मोडतं आणि १ एप्रिल २०२४ पासून जुन्या तेलाच्या पुनर्वापराची जबाबदारी तेल बनवणाऱ्यांवर आणि आयात करणाऱ्यांवरही टाकली आहे. तरी ते सेंट्रिंगच्या पाट्यांना लावलं जातं, वाळवी मारायला चौकटींवर फासलं जातं.

मी भैयाला विचारलं, "ये काला तेल कहाँ जाएगा?" तो हसला. इतक्या वर्षांत त्याला हे कुणी विचारलं नसावं. मग त्याने मागे नेऊन पिंप दाखवलं. "भर जाता है तो एक आदमी ले जाता है." कुठला आदमी, कुठे नेतो, ते त्याला ठाऊक नव्हतं.

मुक्तागिरीला आम्ही जाऊन आलो. गाडीने काही त्रास दिला नाही, सासूबाईंनी थोडा दिला. परत आल्यावर त्या पिंपाचा माणूस कधी येतो ते भैयाकडून काढून घेतलं. तो महिन्याच्या पहिल्या सोमवारी येतो. या सोमवारी मी जाणार आहे, आमच्या महिला मंडळातल्या दोघी बरोबर येतो म्हणाल्यात.