सहीपुढचें प्रश्नचिन्ह

जुन्या महजरांच्या अखेरीस पुष्कळदां सह्यांऐवजी चित्रें काढलेलीं आढळतात. पाटलानें नांगर काढावा, कुळकर्ण्यानें लेखणी काढावी, आणि इतरांनींही आपापल्या धंद्याचें हत्यार आपल्या नांवापुढें रेखाटावें, अशी ती रीत होती. लिहितां न येणाऱ्या माणसाच्या त्या नांगराला जो मान होता तो चित्रामुळें नव्हे. चित्र कोणालाही काढतां आलें असतें. मान होता तो चार गोतांनीं समक्ष बसून तें काढतांना पाहिलेलें असे म्हणून. पुढें नांगर गेला आणि डाव्या हाताचा आंगठा आला. बंगालमध्यें १८५८ सालीं विल्यम हर्शेल नांवाच्या इंग्रज अंमलदारानें एका कंत्राटावर कंत्राटदाराच्या पंजाचा ठसा घेतला, तेथून ह्या ठशांच्या कारकीर्दीचा आरंभ मानितात. आतां आंगठाही मागें पडूं लागला असून त्याच्या जागीं जी सही आली आहे ती डोळ्यांना दिसतच नाहीं. ह्या अदृश्य सहीनें आमच्या रेणापुरांत एका भल्या माणसास कसें कोड्यांत टाकलें, तें वाचकांस सांगावयाचें आहे.

गेल्या मृगांत आमच्या शेजारचे एक वृद्ध शेतकरी पीककर्जासाठीं सात-बाराचा उतारा घेऊन एका बँकेंत गेले. बँकेचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. त्या दिवशीं तें दुसऱ्या कोणत्याही बँकेंत घडलें असतें. महाराष्ट्रांत १ मे २०१८ पासून सात-बारा डिजिटल सहीनिशीं मिळूं लागला, आणि पंधरा रुपये भरून तो महाभूमीच्या संकेतस्थळावरून घरबसल्या उतरवून घेतां येतो. त्यावर वेगळ्या सही-शिक्क्याची गरज नाहीं, असें उताऱ्याच्या तळाशीं छापलेलेंही असतें. तथापि बँकेंतील तरुण कारकुनानें ती फाईल संगणकावर उघडतांच सहीच्या जागीं एक पिवळें प्रश्नचिन्ह उमटलें, आणि शेजारीं, सहीची पडताळणी झालेली नाहीं, अशा अर्थाचे इंग्रजी शब्द. ‘मामा, हें चालत नाहीं. तलाठ्याची सही-शिक्का घेऊन या,’ असें त्यानें सांगितलें. तलाठ्यांना सरकारनें आतां ग्राम महसूल अधिकारी असें भारदस्त नांव दिलें आहे. नांव वाढलें म्हणून त्यांच्याकडचीं गांवें कमी झालीं असें मात्र नाहीं. पेरणीच्या तोंडावर त्यांच्या शोधांत दोन दिवस घालविणें म्हणजे काय, हें ज्याची वाफ जाते त्यालाच ठाऊक.

आबा परतले ते थेट आमच्या ओसरीवर आले. ‘गुर्जी, कागद खोटा हाय का माझा?’ एवढेंच त्यांनीं विचारलें. कर्जाची चिंता त्या स्वरांत होतीच. पण तिच्याहून मोठी अशी एक शरम होती, चारचौघांत खोटा कागद पुढें केल्याची. ज्यानें कांहींएक खोटें केलें नाहीं त्याला ती वाटावी, हें आमच्या मनाला फार लागलें.

तें प्रश्नचिन्ह म्हणतें तरी काय? डिजिटल सही हें सहीचें चित्र नव्हे. मूळ मजकुराचें गणिती रीतीनें एक ठराविक लांबीचें सार काढतात. मजकुरांतला एक काना इकडचा तिकडे झाला तरी तें सार पार बदलून जातें. सही करणारा आपल्याजवळच्या गुप्त किल्लीनें ह्या सारावर मोहोर करतो, आणि तिच्याच जोडीच्या उघड किल्लीनें ती मोहोर कोणालाही तपासतां येते. किल्ल्यांच्या ह्या जोडीची कल्पना डिफी आणि हेलमन ह्या दोघांनीं १९७६ सालीं जगापुढें मांडली. उघड किल्ली अमक्याचीच आहे अशी ग्वाही एक परवानाधारक संस्था देते, आणि त्या संस्थेबद्दल ग्वाही देतो केंद्र सरकारनें नेमलेला नियंत्रक. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यानें ही उतरंड रचलेली आहे. आतां ह्या नियंत्रकाच्या मूळ प्रमाणपत्राशीं बँकेच्या संगणकाची ओळखच कोणीं करून दिलेली नसेल, तर तो बापडा काय म्हणणार? सही आहे, पण साक्षीदार माझ्या ओळखीचा नाहीं, इतकेंच. मजकुरांत कोणीं फेरफार केला असता तर तेथें तांबडी फुली उमटली असती. प्रश्नचिन्ह आबांच्या कागदावर नव्हतें. तें यंत्राच्या स्वतःच्या अज्ञानाची कबुली देत होतें, आणि कारकुनानें तें आबांच्या नांवावर मांडलें.

सेवाकेंद्रांतील मुलें ह्यावर एक तोडगा सांगतात. प्रश्नचिन्हावर टिचकी मारावी, सहीचे गुणधर्म उघडावे, प्रमाणपत्र पहावें, त्यावर विश्वास ठेवण्याचें बटण दाबावें आणि पुन्हां तपासावें. लगेच हिरवी खूण येते. ती येते हें खरें. परंतु ज्याची ओळख पटवावयाची त्यानेंच आणलेला जामीन डोळे मिटून पत्करावा, तशांतला हा प्रकार होय. उद्यां एखाद्या लबाडानें घरीं बसून तलाठ्याच्या नांवाचें बनावट प्रमाणपत्र तयार केलें, तरी ह्या तोडग्यानें त्यालाही अशीच हिरवी खूण मिळेल. मूळ प्रमाणपत्र नियंत्रकाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून घेऊन तें संगणकांत बसवावें, हा खरा उपाय. काम थोड्या वेळाचें आहे. मात्र तें बँकेनें करावयाचें आहे, शेतकऱ्यानें नव्हे.

ऑनलाइन अर्जांनीं ह्या सहीची आणखी एक दैना मांडली आहे. अर्जासोबत जोडावयाची फाईल अमुक आकाराच्या आंत असावी अशी अट असते, म्हणून केंद्रवाला ती दाबून लहान करतो. चार कागद एकच फाईल करून मागितले म्हणून तो त्यांची मोळी बांधतो. कोणी उताऱ्याचा मोबाइलवर फोटो काढून पाठवितो. ह्या प्रत्येक खटाटोपांत मजकूर जसाच्या तसा दिसतो आणि सही मरते. छापलेल्या प्रतीचेंही तेंच. सही राहते ती फाईलींत; कागदावर पडते ती तिची सांवली. कागदच हातीं असेल तर त्यावर छापलेला पडताळणी क्रमांक संकेतस्थळावर घालून मूळ उतारा समोर आणावा आणि ताडून पहावा, ही सोय सरकारनें करून ठेविली आहे. ती किती जणांस ठाऊक आहे हा प्रश्न निराळा.

अर्जदाराला स्वतःची सही करावयाची झाली कीं निराळींच विघ्नें उभीं राहतात. आधारला जोडलेला मोबाइल मुलाजवळ असतो आणि मुलगा पुण्यास असतो. मग सांकेतिक आंकडा पुण्यांत वाजतो आणि म्हातारा इकडे पडद्याकडे पाहत बसतो. आधारवर नांव एका तऱ्हेनें आणि अर्जांत दुसऱ्या तऱ्हेनें लिहिलेलें असलें तर यंत्र दोन माणसें समजतें. ऊसतोडीनें झिजलेल्या आंगठ्यांची कथा तर मराठवाड्यास नव्यानें सांगावयास नको.

एक गोष्ट येथें सांगितल्यावांचून राहवत नाहीं. २०२३ सालीं न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठीं मराठवाड्यांत निजामी अमदानींतलीं दप्तरें उघडलीं गेलीं, आणि उर्दू व मोडी वाचणाऱ्यांची एकाएकीं शोधाशोध सुरू झाली. ते कागद पिवळे पडले होते, कसर लागलेले होते, पण वाचणारा मिळतांच बोलूं लागले. आबांच्या उताऱ्याची फाईल त्यांच्या पणतवानें उघडली तर ती बोलेल काय, हा विचार तेव्हांपासून आमच्या मनांत घर करून आहे. नियंत्रकाचें मूळ प्रमाणपत्रही कांहीं वर्षांनीं मुदत संपून बदलतें.

दुसऱ्या दिवशीं आम्ही आबांबरोबर बँकेंत गेलों. व्यवस्थापक समजूतदार निघाले. त्यांनीं उताऱ्यावरचा क्रमांक स्वतः संकेतस्थळावर घातला, गट क्रमांक आणि क्षेत्र बोट ठेवून ताडून पाहिलें आणि उतारा ठेवून घेतला. ‘मामा, आम्हाला हें कुणी शिकविलंच नव्हतं,’ असें तो कारकून म्हणाला, आणि त्यांत आम्हांस कांहीं खोटें दिसलें नाहीं. नंतर कर्जाचे कागद पुढें आले. त्यांवर मात्र सह्या शाईच्याच हव्या होत्या, आणि प्रत्येक पानावर हव्या होत्या. आबांनीं चष्मा चढविला आणि एकेक अक्षर वळवून पूर्ण नांव लिहावयास सुरुवात केली. आम्हीं बसल्या बसल्या मोजल्या, सतरा भरल्या.