चाकाचें टोपण

आमच्या हिंगोली जिल्ह्यावरून विमान जातें तें फार उंचावरून; त्यास उतरावयाचें तें नांदेडास. तेव्हां विमानाच्या चाकांविषयीं लिहिण्याचा आम्हांस अधिकार काय, अशी शंका वाचकांस आल्यास ती रास्तच होय. पण गेल्या दिवाळींत अमेरिकेहून आलेल्या आमच्या भाच्यानें फायबरग्लासचें एक टोपण व मूठभर स्क्रू आमच्यापुढें ठेविले, आणि त्या मूठभर लोखंडानें आमची झोंप उडविली.

भाचा तेथें घराच्या गॅरेजमध्यें दोन माणसांचें विमान स्वतःच्या हातांनीं बांधीत आहे. हें वेड केवळ तिकडचेंच नव्हे. मुंबईस कांदिवलींत वैमानिक अमोल यादव यांनीं राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचें विमान बांधलें. तें २०१६ सालीं मुंबईच्या प्रदर्शनांत लोकांनीं पाहिलें आणि २०१७ सालीं त्याची सरकारदरबारीं नोंदहि झाली.

ज्या विमानाचीं चाकें पोटांत शिरत नाहींत, त्याच्या चाकांवर माशाच्या आकाराचें टोपण चढवितात. त्यामुळें वाऱ्याचा अडथळा कमी होऊन तेवढ्याच इंधनांत वेग थोडा वाढतो. टोपणाचे पुढचा व मागचा असे दोन भाग. ते जोडावे कशानें, हा भाच्याचा प्रश्न होता. फायबरग्लास म्हणजे लोखंड नव्हे. स्क्रू फार आवळला तर त्याचे थर चेंगरतात. शंकूसारख्या माथ्याचा स्क्रू पाचरीप्रमाणें भोंक फांकवितो व तेथून चीर धांवते. म्हणून माथ्याखालीं वाटीसारखा वॉशर घालून भार पसरावा लागतो. आंत पाना धरण्यास हात पोंचत नाहीं, यास्तव नट आधींच रिव्हेटांनीं पक्का केलेला हवा. आणि इंजिनाच्या थरथरीनें तो आपोआप सैल होतां कामा नये. पाव फेऱ्यांत उघडणाऱ्या कळाहि मिळतात. पण त्या जड व महाग. भाच्याचें मन बारीक, पृष्ठाशीं सपाट बसणाऱ्या पुष्कळ स्क्रूंवर गेलें होतें. दिसावयास तें देखणें खरें.

आमची वडील बहीण, म्हणजे त्याची आई, शेजारींच करंजीला मुरड घालीत बसली होती. पुढल्या वर्षीं ती त्या विमानांत बसणार आहे. ती म्हणाली, "अरे, झांकलेलं चाक बघतं कोण?"

"वर्षांतून एकदां सगळं उघडून तपासावंच लागतं, आई."

"आणि मधल्या दिवसांत?"

भाचा कांहींच बोलला नाहीं. आम्हीहि बोललों नाहीं; पण आमची मान खालीं गेली. चाळीस वर्षांपूर्वीं श्रावणांत औंढ्या नागनाथाच्या दर्शनास बैलगाडीनें निघालों, तेव्हां निघण्यापूर्वीं आंसाची खीळ पाहण्याचें काम आमचें होतें. चाकावर काळ्या मातीचा गिलावा बसला होता. तो खरवडण्याचा आम्हीं कंटाळा केला. वाटेंत चाक निसटलें. बहिणीचा डावा हात तेव्हांपासून कोपरांत सरळ होत नाहीं. दशरथाच्या रथाची खीळ निसटली तेव्हां कैकेयीनें तेथें आपलें बोट घातलें म्हणतात. पण प्रत्येक गाडींत कैकेयी नसते. बहिणीनें त्या दिवसाचा उच्चार पुन्हां कधीं केला नाहीं. त्या दिवाळींतहि केला नाहीं.

भाचा ज्या गवती मैदानावरून उडणार आहे, तेथेंहि पावसांत चिखल टोपणाच्या आंत शिरून चाकास धरतो, असें त्यानें मग आपण होऊन सांगितलें. वीस बारीक स्क्रू सोडावयाचे म्हटल्यावर माणूस चिखल काढणें उद्यांवर ढकलतो, आणि घाईंत सोडलेल्या बारीक स्क्रूच्या खांचाहि झिजतात. अखेर ठरलें तें असें: स्क्रू मोजकेच, किंचित् जाड, सगळे एकाच लांबीचे, म्हणजे एकाच पेंचकसानें उघडतील व जागा चुकणार नाहीं; आणि हवा भरण्यापुरतें झांकणाचें वेगळें भोंक.

कोणतीहि वस्तु बांधणारा विचारतो, हें सुटणार तर नाहीं ना? तो प्रश्न योग्यच आहे. पण त्याच्या जोडीस, हें कंटाळा न येतां सोडतां येईल ना, हेंहि त्यानें विचारावें. जें उघडण्यास अवघड तें पाहिलें जात नाहीं, आणि न पाहण्याचें मोल पुष्कळदां दुसऱ्यासच द्यावें लागतें.

बहिणीनें तो स्क्रू एकवार बोटांत फिरवून पाहिला, आणि डावा हात मांडीवर टेकवून पुढची करंजी हातीं घेतली.