उत्तरेकडे वाहणारी नदी

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात जॅक्सनव्हिल हे मोठे शहर आहे. त्याच्या दक्षिण भागात, सेंट जॉन्स नदीच्या पूर्व काठावर आमची मँडरिन ही वस्ती. संत्र्याच्या एका जातीवरून हे नाव पडले. येथील संत्र्यांच्या बागा १८९४-९५ च्या कडाक्याच्या थंडीत नष्ट झाल्या; नाव तेवढे गोड राहिले. ‘अंकल टॉम्स केबिन’ ही कादंबरी लिहिणाऱ्या हॅरिएट बीचर स्टो १८६७ पासून अनेक वर्षे हिवाळ्यात येथे राहावयास येत.

ही नदी सुमारे ५०० किलोमीटर लांब असून दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते. उगमापासून मुखापर्यंतचा तिचा एकूण उतार १० मीटरहूनही कमी आहे. सांगलीत कृष्णेच्या काठी माझे बालपण गेले, त्यामुळे संथ पाण्याचे मला नवल नव्हते. परंतु भरतीच्या वेळी नदीचा प्रवाह उलटा फिरतो, हे येथेच पाहिले.

मुलांना वाढवण्यासाठी ही वस्ती फार चांगली. ओकच्या विस्तीर्ण फांद्यांवरून करड्या जटा लोंबत असतात. लोक त्यांना शेवाळ म्हणतात; प्रत्यक्षात ती अननसाच्या कुळातील वनस्पती आहे. त्या सावलीत मुले सायकली फिरवतात. शेजारच्या आजोबांनी त्यांना गळ टाकावयास शिकवले आणि सुसरीला कधीही खाऊ घालू नये, हेही बजावले. खाऊ मिळू लागला की तिची माणसाविषयीची भीती जाते. म्हणून येथे कायद्यानेच तशी मनाई आहे. उन्हाळ्यात समुद्रगायी येतात, तेव्हा मुले तासन्‌तास पाण्याकडे पाहत बसतात.

एक गोष्ट मात्र मला अजून खटकते. काठावरची बरीचशी जमीन खाजगी घरांची आहे. आमच्याकडे घाट साऱ्या गावाचा असतो. येथे नदी पाहावयासही सार्वजनिक उद्यान गाठावे लागते.

सप्टेंबर २०१७ मध्ये ‘इर्मा’ हे चक्रीवादळ आले. आधी ईशान्येच्या वाऱ्याने समुद्राचे पाणी नदीत लोटले, त्यावर मुसळधार पाऊस कोसळला. ११ सप्टेंबरला शहराच्या मध्यभागातील रस्ते पाण्याखाली गेले. उतारच नसल्यामुळे पाणी लवकर ओसरेना. ज्या संथपणाचे आम्ही कौतुक करीत होतो, तोच आता जीव टांगणीला लावत होता. आमच्या अंगणाच्या कडेपर्यंत पाणी आले, वीज गेली. सासूबाईंचे इन्सुलिन थंड ठेवणे भाग होते. शेजारच्या आजोबांकडे जनित्र होते. आम्ही सांगण्यापूर्वीच ते गुडघाभर पाण्यातून आले आणि औषधाची पिशवी घेऊन गेले. तीन दिवस सकाळ-संध्याकाळ ते इन्सुलिन पोहोचवीत होते.

त्यानंतर घर विकावे की राहावे, यावर आमच्या घरात महिनाभर चर्चा झाली. पती उंच जागा शोधू लागले होते. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, “जागा उंच मिळेल रे, शेजार कुठून आणशील?” आम्ही राहिलो. घराच्या नेहमीच्या विम्यात पुराची भरपाई मिळत नाही. त्यासाठी वेगळा विमा उतरवला. १ जूनला वादळांचा हंगाम सुरू होतो. त्या आठवड्यात पाण्याचे डबे, विजेऱ्या आणि औषधे तपासून होतात, तोच आजोबा दारात येऊन विचारतात, “यंदा पिशवी केवढी आहे?”