पाठ बंद हवी

चर्चगेटसमोरचे इरॉस चित्रपटगृह १९३८ साली सुरू झाले. त्याच्या पायऱ्यापायऱ्यांनी चढणाऱ्या मनोऱ्यासारखा खोका जुन्या स्पीकरसाठी करावा, असे मी ठरविले. बाबा सुतार, शाळा चौथीपर्यंत. मी त्यांना 'आर्ट डेको' समजावू लागलो. नकाशा पाहून ते एवढेच म्हणाले, "पाठ बंद हवी, नाहीतर ठोका बसणार नाही." मागचा आवाज पुढच्या खर्जाला मारतो, हे मी पुढे पुस्तकात वाचले. गोल कोपऱ्यासाठी त्यांनी प्लायवुडला आतून करवतीचे जवळजवळ काप दिले. फळी अलगद वळली.

पाहुणे खोक्याचे कौतुक करतात. बाबा म्हणतात, "पोराने केला." मी गप्प बसतो. ते गप्प बसणे सलते, म्हणून येथे लिहिले.