पॅकिंगच्या काकांचं ऋण

भोसरीच्या एमआयडीसीत उमेदवारी करताना मला सर्किट शिकवणारे बरेच भेटले. दमट हवेपासून माल सांभाळायला मात्र पॅकिंग खात्यातल्या काकांनी शिकवलं.

औषधांच्या छोट्या शीतपेट्यांत आम्ही पेल्टिए मॉड्यूल बसवायचो. १८३४ साली फ्रान्समध्ये पेल्टिए यांना सापडलेल्या तत्त्वावर ते चालतं. ४० मिलिमीटर चौरस, सिरॅमिकच्या दोन पातळ पट्ट्या आणि मधे सोल्डरने जोडलेल्या बिस्मथ टेल्युराइडच्या १२७ जोड्या. वीज दिली की एक बाजू गार होते, दुसरी तापते. हवा ३० अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल, तर दवबिंदू २६ अंशांच्या आसपास असतो. गार बाजू त्याखाली गेली की तिच्यावर पाणी धरतं. ते आत झिरपलं की सांधे गंजतात, रोध वाढतो, गारवा कमी होतो. म्हणून कडेने सिलिकॉन किंवा इपॉक्सी भरतात. सिलिकॉन लवचिक असतं, पण वाफ अडवण्यात इपॉक्सी सरस.

"कडा भरल्या म्हणून माल उघडा टाकायचा नाही," काका बजावत. ते मूळचे कोकणातले. पावसाआधी घरोघरी पापड डब्यात घट्ट बंद करतात, त्याच काळजीने ते माल बांधत. फॉइलच्या पिशवीत मॉड्यूल, शेजारी सिलिका जेलची पुडी आणि आर्द्रता दाखवणारं कार्ड. मग तळहाताने हलकेच हवा काढून सीलिंग मशीन दाबायचं. शिवण थंड झाली की अंगठ्याने दोन्हीकडून ताणून बघायची. कुठे सुरकुती दिसली तर पिशवी बाद. जेलची पुडी ते अगदी शेवटी डब्यातून काढत, कारण उघडी राहिली तर ती कारखान्याचीच दमट हवा शोषून बसते.

त्यांची एक शिकवण मी आजही प्रत्येक नव्या मुलाला देतो. एसी खोलीतून आणलेली पिशवी बाहेर आल्या आल्या फोडायची नाही. "अरे, तिला आधी इथली हवा लागू दे." गार वस्तू दमट हवेत उघडली की तिच्यावर लगेच दव धरतं आणि आधीची सगळी मेहनत वाया जाते.

काकांकडे पदवी नव्हती आणि मॉड्यूलच्या डिझाइनवर त्यांचं नाव कुठेच नाही. तरी आमच्या पेट्या पावसाळ्यात टिकल्या, त्याचं अर्धं श्रेय त्यांचं आहे. तुमच्याही कारखान्यात असं कुणी असेल, तर त्याच्या हाताखाली काही दिवस जरूर काम करा.