भाकरी आणि कडबा
मंगळवेढ्याच्या काळ्या रानात भाद्रपद-आश्विनात पेरली जाणारी मालदांडी, म्हणजे जमिनीत मुरलेल्या ओलीवर वाढणारी रब्बी ज्वारी, हिच्यामुळे या तालुक्याच्या ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले. तरीही तिच्या जोडीला कडक भाकरीचा, म्हणजे पातळ थापून, भाजून, वाळवून महिनोन्‌महिने टिकणाऱ्या भाकरीचा धंदा करणाऱ्या शेतकऱ्याची ओढाताण या मानांकनाने संपत नाही. धान्याचा पैसा सुगीनंतर एकदाच हाती येतो, मजुरी आणि सरपण मात्र रोज पैसा मागतात, आणि ज्या बायकांच्या थापण्यावर हा धंदा उभा आहे त्यांचे कसब, जे खरे तर सर्वांत मोठे भांडवल, कोणत्याच वहीत मांडले जात नाही. त्यातच कडबा, अर्थात कणसे खुडल्यावर उरलेली वाळली ताटे, विकावा की उन्हाळ्यात दावणीच्या जनावरांसाठी राखावा, हे दरवर्षी नव्याने ठरवावे लागते.